मादीच असणार

एटापल्लीकडच्या जंगलात, सागाच्या सालीवर मला उड्या मारणारा एक कोळी सापडला. तांदळाच्या दाण्याएवढा. नुसती नवी जात नव्हे. तिच्या वरची पायरी, अख्खा नवा जीनस. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवता शिकवता केस पिकलेल्या बाईला आणखी काय हवं? अडचण एकच होती. मिळाले ते सगळे नर. मादीच्या वर्णनाशिवाय लेख पाठवायचा नाही, हे मी ठरवून टाकलं होतं.

मग त्याच झाडावर एक पिल्लू मिळालं. रंग नरांसारखा काळा नव्हता, फिका तपकिरी होता. म्हणजे मादी, मी जाहीर केलं. नर असो की मादी, पिल्लं फिकीच असतात, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते.

चंद्रपूरला घरी आणून काचेच्या नळीत तिची व्यवस्था चोख लावली. फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं: सकाळी ओला कापूस, संध्याकाळी चिलटं. चिलटांसाठी ओट्याखाली केळी सडत ठेवली. कूलरसमोरची जागा नवऱ्याकडून काढून तिच्या नळीला दिली. लेखात 'मादी' असा मथळा टाकून पुढची जागाही सोडली.

एक दिवस तिनं खाणं सोडलं आणि रेशमाची पिशवी विणून आत बसली. कात टाकायची वेळ आली होती. ती बाहेर आल्यावर मी भिंग लावलं. तोंडाशेजारचे दोन आखूड अवयव टोकाशी बॉक्सरच्या हातमोज्यांसारखे फुगले होते. तसे फक्त नराचे फुगतात.

सासूबाई शेजारी तांदूळ पाखडत होत्या.

"काय झालं वो?"

"मुलगा झाला, आई."

"मंग तोंड पाडून काऊन बसली?"

"मुलगी पाहिजे होती."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "मले तिसरी पोरगी झाली तं बाजेवर कोणी पाणी नाई आणून दिलं. अन् इथी पोरगा झाला तं सुतक."

मी मथळा खोडला आणि शनिवारी पुन्हा एटापल्लीची पिशवी भरली.

"या खेपेले नीट पाहून आण," सासूबाईंनी दारातून बजावलं.

"इतक्या लहानपणी सांगता येत नाही, आई."

"मंग तुनं कसं सांगतलं होतं?"

एसटीची वेळ झाली होती, ते बरं झालं.