टेकू काढायच्या दिवशी

…तर त्या तिसऱ्या गावातूनही आमचे दाजी असेच पसार झाले. कमान बांधून झाली, चुना वाळला, आता खालचे लाकडी टेकू तेवढे काढायचे, आणि हे आदल्या दिवशीच थैलीत थापी-ओळंबा कोंबून स्टेशनावर. मागाहून पाचरी ठोकून काढल्या मी. कमान जागची हलली नाही, पण ते ऐकायला माणूस हवा ना समोर.

मी सुतार, ते गवंडी, आणि माझी थोरली बहीण त्यांची बायको. दाजींचा हात सोन्यासारखा, पण पायाला भिंगरी. जेवतानासुद्धा ताट घेऊन येरझारा. लोक म्हणायचे, याला एका जागी करमत नाही. खरं कारण ताईला आणि मलाच ठाऊक. तरुणपणी त्यांची एक कमान टेकू काढताच कोसळली होती. कोणाला खरचटलंही नाही, पण त्या धुळीतून बाहेर आलेला माणूस पुन्हा कधी टेकू काढायच्या वेळी तिथं थांबला नाही. आठ वर्षांत पाच घरं. ताईनं तर पेट्या उघडणंच सोडलं होतं. एक पातेलं, दोन ताटल्या आणि पेले एवढंच बाहेर.

मग हे चर्चचं काम आलं. वेदीच्या मागची अर्धगोल भिंत नव्यानं बांधायची, वर अर्धा घुमट. कलिंगडाची पाव फोड आतून कोरून उभी करावी, तसा. दाजींनी मध्यावर खुंटी ठोकली, खुंटीला दोरी, दोरीला गाठ. प्रत्येक वीट त्या गाठीला टेकलीच पाहिजे. दिवसभर दोरी धरून इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी म्हणायचो, दाजी, तुमच्या जोगतं काम मिळालं.

तिथले फादर दुर्बीणवाले, रात्री ग्रह-तारे बघणारे. दुपारी डबा खाताना त्यांनी सांगितलं, की या अर्धगोल जागेला ॲप्स म्हणतात. आणि ग्रह सूर्याभोवती जरा लांबट वाटेनं फिरतो, त्या वाटेवरची सगळ्यांत जवळची जागा आणि सगळ्यांत लांबची जागा, दोन्हींना म्हणतात ॲप्सिस. शब्द मुळात एकच, फार जुना. चाकाच्या कडेला तोच, कमानीलाही तोच, आणि त्याच्या मुळाशी अर्थ आहे बांधणं, जोडणं. दाजी येरझारा थांबवून हातातल्या दोरीच्या गाठीकडे बघत राहिले. मग विचारलं, तो ग्रह जोरात कधी पळतो?

फादर म्हणाले, "जवळ आल्यावर. लांबच्या टोकाला पार मंदावतो, आणि तिथूनच परततो."

डबा घेऊन आलेली ताई म्हणाली, "पहिलं अर्धं तर आमच्या घरातलंच आहे. काम संपत आलं की यांचा पळ सुरू."

फादरांना काम पसंत पडलं. चर्चची कायमची देखभाल आणि मागच्या अंगणातल्या दोन खोल्या दाजींना द्यायची त्यांची तयारी होती. अट एकच. टेकू निघतील तेव्हा बांधणारा हजर पाहिजे. ताई त्या खोल्या दोनदा झाडून आली. फळीवर काय ठेवायचं तेही तिनं ठरवून टाकलं.

शेवटच्या आठवड्यात दाजींचं जेवणावरून मन उडालं. वाळलेल्या चुन्याला दहादा नख लावायचे, मला विचारायचे, लाकूड फुगलं नाही ना? आणि ठरल्या दिवशी सकाळी घरातल्या खुंटीवरची त्यांची थैली गायब.

फादर म्हणाले, थोडं थांबू. दहा वाजले, अकरा वाजले. ताई उठली, एक रिकामं खोकं ओढत नेलं आणि बरोब्बर घुमटाखाली ठेवून त्यावर बसली.

मी म्हटलं, "ताई, बाजूला हो."

"का? माझ्या नवऱ्यानं बांधलंय. तू पाचरी काढ."

मी हातोडा उचलला. पहिली पाचर निघाली. दुसरी निघाली. तिसरीला वरून बारीक कर्र आवाज आला आणि ताईच्या डोक्यावर चिमूटभर चुना पडला. घुमट आपलं वजन आपण घेतो तेव्हा एवढं बोलतोच, पण फादरांनी डोळे मिटले. ताई हलली नाही.

दारातून कोणीतरी धावत आलं. दाजी. खांद्याला थैली, घामानं निथळलेले. थेट घुमटाखाली शिरले, ताईच्या शेजारी उभे राहिले, वर बघितलं आणि मला मानेनं खूण केली: चालू द्या, मेव्हणे. उरलेल्या पाचरी मी काढल्या. लाकूड खाली आलं, घुमट वर राहिला. दाजींचे पाय, मी शपथेवर सांगतो, तेवढा वेळ एका जागी होते.

ताईनं केसांतला चुना झटकला आणि त्यांच्याकडे न बघताच विचारलं, "कुठवर गेला होतात?"

"स्टेशनापर्यंत. तिथं पाय जड झाले गं. चल, पेट्या उघडू."