आधी टाळा बघणाऱ्या सुशीलामावशी

मुलगा की मुलगी, हे सुशीलामावशी कधीच आधी सांगत नसत. हात स्वच्छ धुऊन करंगळी बाळाच्या तोंडात घालायच्या, वरचा टाळा चाचपायच्या आणि मगच बोलायच्या. कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या बाळंतपणाच्या दवाखान्यात त्या तीस वर्षं सिस्टर होत्या.

माझ्या जुईच्या वेळी ती करंगळी थबकली. "पोरगी हाय. वरचा ओठ दुभंगलाय, टाळापण. दोन्ही शिवता येत्यात. रडायचं आसंल तर रड, पण दहाच मिनटं. तिला भूक लागलीया."

जुईला ओढून पिता येईना. मावशींनी मला दूध काढायला लावलं, तिला उभं धरून वाटी-चमच्यानं घोट घोट पाजायला शिकवलं. दूध नाकातून आलं की मी हादरायचे.

"आगं, वरनं वाट मोकळी हाय म्हणून येतंय. थांब, पूस, परत पाज. वजन वाढल्याबिगर डॉक्टर हात लावणार न्हाईत."

मुरगूडहून आलेल्या सासूबाईंनी मात्र नातीकडे पाठ फिरवली. "गिरानात हिनं काकडी चिरली. म्या बघितलंय."

खरंच, जुई पोटात असताना ग्रहणाच्या दिवशी मी मुरगूडला काकडी चिरली होती. मी शिकलेली बाई, पण त्या क्षणी मलाही ते पटलं. त्याची मला अजून लाज वाटते.

मावशींनी चादरीची घडी घालता घालता विचारलं, "आक्का, म्हशी किती तुमच्या?"

"चार. एक गाभण हुती."

"गिरानादिवशी तिला कडबा कापून, कुट्टी करून घातली, का उपाशी ठेवली?"

"उपाशी कशी ठेवीन? घातली की."

"मग रेडकाचा ओठ कसा हाय?"

"धड हाय की," म्हणत सासूबाई जुईकडे वळल्या.

"पोटात ओठ जुळायचा आसतो, कवाकवा जुळत न्हाय. का, ते डॉक्टरांनाबी दर येळी सांगता येत न्हाय. पण आईनं काय चिरलं म्हणून न्हवं. बसा हितं. तुमीच पाजा." आणि वाटी त्यांच्याच हातात दिली. त्या दिवसापासून जुईला निम्मं दूध सासूबाईंनीच पाजलं.

ओठ शिवला, पुढं टाळाही. मावशी निवृत्त होऊन गारगोटीला गेल्या आणि गेल्या वर्षी वारल्या. मला फार रडू आलं, दहा मिनिटांपेक्षा जास्त.

यंदा माझी धाकटी जाऊ गरोदर होती. ग्रहणादिवशी सासूबाईंनी स्वतः विळी तिच्यापुढं सरकवली. परवा ती बाळंत झाली. नर्स हसत बाहेर आली, "आजी, मुलगा झाला."

सासूबाई म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे. टाळा बघितला का?"