मिरचीची धुरी

नव्वदच्या आसपास आम्ही पनवेलला खाडीच्या बाजूला राहत होतो. मजल्यावर दोनच बिऱ्हाडं, दोघांत मिळून एक लांब गॅलरी. पश्चिमेकडच्या बिऱ्हाडात बँकेतले एक साहेब. संध्याकाळी घरी आले की गॅलरीत खुर्ची टाकून एकामागून एक सिगारेट ओढत. त्या वेळी वारा खाडीकडून येतो. सगळा धूर आमच्या खिडकीतून आत, माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या अंथरुणावर.

तिला दमा होता. श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजायची. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोण ओढतं?"

कोणीच नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग शेजारी ओढत असतील. तो धूर आधी थांबवा. पोरीची फुप्फुसं अजून वाढतायत, नुसत्या औषधांनी भागणार नाही."

मी जाऊन साहेबांना हात जोडले.

"खिडकी लावून घ्या की!" ते हसले. "गॅलरी काय तुमच्या एकट्याची आहे? ज्याला जे करायचं ते करू दे."

उन्हाळ्यात खिडकी लावली तर मुलगी तशीही गुदमरायची. मी पुन्हा विनवणी केली नाही. कठड्यावर वेगवेगळ्या वेळी उदबत्ती लावून वारा पाहिला. सकाळी तो डोंगराकडून खाडीकडे जातो, म्हणजे आमच्याकडून त्यांच्याकडे. तेव्हा साहेब पेपर वाचत बसलेले असतात आणि मुलगी शाळेत असते.

सोमवारी मी शेगडीत निखारे फुलवले आणि वर मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या टाकल्या.

"अहो, हे काय?"

"घराची दृष्ट काढतोय."

"सकाळी? दृष्ट तिन्हीसांजेला काढतात!"

"तेव्हा इथे तुमचा धूर असतो, साहेब. माझ्या धुराला जागा उरत नाही."

पुढचं बोलणं त्यांच्या खोकल्यात गेलं. तो खोकला मला गोड लागला. मंगळवारी पुन्हा शेगडी. बुधवारी त्यांनी बायकोला हाक मारली, "यांना सांग काहीतरी!"

वहिनींनी आयुष्यात सिगारेटला हात लावला नव्हता, पण बारा महिने खोकत. नाकाला पदर लावून त्यांनी शेगडीत पाहिलं. "भावजी, या नुसत्या रंगाच्या मिरच्या. थांबा." आतून मूठभर लवंगी आणून त्यांनी स्वतः निखाऱ्यांवर टाकली.

"लग्न झाल्यापासून तुमचा धूर गिळतेय मी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुम्हाला तीन दिवस सोसवेना?"

त्या संध्याकाळी साहेबांची खुर्ची खाली कंपाउंडात गेली ती गेलीच. मुलीचा दमा पुरता बरा झाला नाही, पण शिट्टी कमी झाली. उघड्या खिडकीशी बसून ती मोठ्याने धडा वाचायची. खाली साहेब पोटऱ्यांवर चापट्या मारत सिगारेट ओढायचे. खाडीचे डास फार वाईट. मी वरून बघत सावकाश चहा प्यायचो आणि मला त्यांची कधीही दया आली नाही.