संघपालभाऊंचं कुल्दिगा

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात संघपाल दाभाडे एकतीस वर्षं फिटर होते. ते निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांची मुलगी करुणा लॅटव्हियातल्या कुल्दिगा गावी, लाकडाच्या कारखान्यात इंजिनीयर म्हणून गेली. सोयरे विचारायचे, हे गाव लंडनजवळ का? भाऊंना सांगता येईना, अन् त्याची त्यांना लाज वाटायची.

मग दर रविवारी करुणा मोबाईल हातात धरून त्या गावातून फिरायची अन् भाऊ इकडं वहीत उतरवून घ्यायचे. तेराव्या शतकात जर्मन सरदारांनी नदीकाठी बांधलेला किल्ला, व्यापाऱ्यांची वस्ती, विटांचा लांबलचक पूल. कुठं अडलं तर करुणा तिथल्या संग्रहालयातल्या बाईंना विचारून यायची.

गेल्या जानेवारीत आमच्या विहारात व्याख्याते ऐन वेळी आले नाहीत. लोक चपला शोधू लागले, तेव्हा भाऊ पिशवीतली वही काढून उभे राहिले. म्हणाले, मी एका गावाचा इतिहास सांगतो.

सुरुवातीला ते वहीत बघून हळू आवाजात वाचत होते. किल्ल्याचं वर्णन चालू असताना फुलंब्रीचे निवृत्त शिक्षक सखाराम गुरुजी मधेच म्हणाले, "संघपाल, त्या किल्ल्याशी आपलं काय घेणं?"

भाऊंनी वही मिटली.

"किल्ला सरदारांचा, गुरुजी. त्याच्या भोवतालची जमीन कसणारी लॅटव्हियन माणसं शेकडो वर्षं मालकाला बांधलेली. विचारल्याबिगर गाव सोडायची सोय नव्हती. दोनशे वर्षांखाली सुटली, पण जमिनीबिगर. आडनावबी नंतर मिळालं. त्यांच्याच लेकरानातवांनी आपल्या भाषेत पेपर काढले, शाळा चालवल्या, अन् शंभर वर्षांत स्वतःचा देश उभा केला. आता तुम्हीच सांगा, काय घेणं हाय."

गुरुजी मागून उठले अन् पुढच्या सतरंजीवर येऊन बसले. भाऊ सव्वा तास बोलले. आवाज आता खणखणीत लागला होता.

कार्यक्रमाचं चित्रण करुणानं संग्रहालयातल्या बाईंना दाखवलं, अर्थ सांगत सांगत. बाईंनी भाऊंना पत्र धाडलं: आमची गोष्ट तुम्ही सांगितलीत; तुमची माणसं कशी सुटली, ते आम्हाला सांगाल का?

भाऊ सध्या उत्तर लिहितायत. सोळा पानं झालीत, करुणा भाषांतर करणार आहे. सुरुवात त्यांनी आपल्या आजीपासून केलीय. भागूबाई दाभाडे, दीक्षा घेतल्यावर जिनं जातीवर लादलेली गावकीची कामं करायला भर चावडीत नकार दिला.