कानातून निघणारा धूर

मंगळवारी सकाळी माझा भाऊ मारुती निपाणीतल्या एका वखारीच्या विहिरीत उतरला. तो वर आला नाही.

मी तेव्हा तिथल्याच एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. डॉक्टर लिहून देतील ती औषधं तयार करायची, जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. मी व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत, म्हणजे सातवीपर्यंत, शिकलो होतो. मारुती तिसरीतून शाळेबाहेर पडला, पण त्याच्यासारखी बुडी आमच्या भागात कुणी मारत नसे.

वखार तंबाखूची होती. तिच्या मागे मळा, मळ्यात विहीर आणि विहिरीवर ऑइल इंजिन. पाइपच्या तळाच्या टोकाला फुटव्हॉल्व्ह असतो. वर चढलेलं पाणी परत खाली येऊ नये म्हणून बसवलेली ही झडप. तिच्यात पाला अडकला की इंजिन नुसतं आवाज करतं. मग कुणीतरी तीस फूट पाण्यात जाऊन ती साफ करायची. ते काम मारुतीचं.

एकदा वखारीच्या मॅनेजरने त्याला भर सर्दीत उतरवलं. आपल्या कानात आत एक पडदा असतो. खोल जावं तसं पाणी त्याला दाबतं. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकलं की घशामागच्या वाटेने हवा कानात जाते आणि दाब सारखा होतो. सर्दीत ती वाट बंद असते. मारुतीच्या डाव्या कानात फट्‌ झालं, थोडं रक्त आलं आणि दुखायचं थांबलं. बुड्या मारणाऱ्या जुन्या लोकांनी त्याची पाठ थोपटली. कान ‘मोकळा’ झाला, आता कितीही खोल जा, म्हणाले. फाटलेल्या पडद्याला हे लोक मोकळा कान म्हणत.

मोकळ्या कानाचा आणखी एक उपयोग निघाला. विडीचा झुरका घेऊन नाक दाबून फुंकलं की मारुतीच्या कानातून धूर येई. वखारीत व्यापारी आले की मॅनेजर त्याला बोलावून घेई. धोतर-कोट घातलेली, इंग्रजी वर्तमानपत्र वाचणारी माणसं एका माणसाच्या कानातला धूर बघून टाळ्या वाजवत.

एके दिवशी तो स्वतःहून दवाखान्यात आला.

“अण्णा, पाण्यात हीर गरागरा फिराय लागली बघ. वर कुठलं, खाली कुठलं, कायच कळंना. पाइप हाताला लागला म्हणून आलो.”

डॉक्टरांनी कान तपासला. “पडद्याला भोक आहे. थंड पाणी आत गेलं की तोल सांभाळणारा भाग बिघडतो. कान कोरडा ठेव. तेल नाही, लसूण नाही, काडी नाही. दर आठवड्याला दाखवायला ये.”

“मंग बुडी?”

“भोक भरल्यावर दोन महिने नाही. पापुद्रा पातळ असतो. त्यानंतर सर्दी नसेल तर दोरी धरून, पायांकडून, सावकाश. दर दोन हातांवर हलकेच फुंकायचं. दुखलं की वर.”

इथे मी शहाणपणा केला. दर आठवड्याला कशाला, म्हणालो, भोक आहे तोवर धूर येणार. धूर थांबला की घेऊन येतो. माझ्या शिक्षणाचा एवढाच उपयोग झाला. तमाशाला मी परीक्षेचं नाव दिलं.

सात आठवड्यांनी धूर थांबला. मारुती खूश. “ऐकायला बी येतंय रं अण्णा. वहिनी माझ्यावर काय बडबडती, ते सगळं ऐकू येतंय.” डॉक्टरांनी पडदा पाहिला आणि दोन महिन्यांची आठवण पुन्हा दिली. मी स्वतः वखारीत जाऊन मॅनेजरला सांगितलं. त्याने मान हलवली. ती मान तो सगळ्यांनाच हलवून दाखवी.

पुढचं मला इंजिन ड्रायव्हर बसाप्पाने सांगितलं. दोन महिने भरायच्या आतच एका सोमवारी सांगलीकडचे व्यापारी आले होते. मॅनेजरने मारुतीला बोलावलं.

“दाखव रे तुझी चिमणी.”

“बंद झाली साहेब. कान भरला.”

“असा कसा भरला? पाहुणे काय म्हणतील? जोर लाव.”

मारुतीने जोर लावला. धूर नाही आला. पाहुणे हसले. एकजण म्हणाला, “म्हातारा झाला वाटतं तुमचा गडी.” मग मारुतीने छाती भरून फुंकलं. धूर आला. टाळ्या झाल्या. बसाप्पा म्हणाला, “हसत हुता वो, पर हात कानावरच हुता.”

मंगळवारी फुटव्हॉल्व्ह तुंबला. मारुती म्हणाला, अण्णाने नको म्हटलंय. मॅनेजर म्हणाला, “काल तर सगळ्यांसमोर कान मोकळा करून दाखवलास.”

मारुती मला विचारायला आला नाही. धूर पुन्हा निघाला हे मला सांगायची त्याला लाज वाटली असावी.

दुपारी त्याला गळ टाकून काढलं. तो पाइपपासून दूर, तळाच्या कपारीत होता. दोन्ही हातांची नखं खडकावर घासून गेली होती. तो वर यायलाच धडपडत होता. त्याचं ‘वर’ त्या बाजूला होतं.

मॅनेजर दवाखान्यात आला. “दैव. दुसरं काय म्हणणार? मला काय ठाऊक? तो तर हसत होता.”

“मी येऊन सांगितलं होतं.”

“हो, पण धूर येत होता ना?”

या माणसाला भोक कळत होतं, धूर कळत होता. दोन्ही मिळून काय होतं, तेवढं कळत नव्हतं. धुराची परीक्षा माझीच होती.

पडदा भरला एवढ्यावर कुणाला पाण्यात सोडू नये, आणि तो भरलाय की नाही हे डॉक्टरने बघावं, प्रेक्षकांनी नव्हे. यापलीकडे मला शिकवण्यासारखं काही नाही.

वखारीची विहीर तशीच आहे. फुटव्हॉल्व्हला आता साखळी लावली आहे. तुंबला की दोन गडी पाइपसकट तो वर ओढतात, साफ करतात, परत सोडतात. कुणी पाण्यात उतरत नाही. साखळी तेव्हाही बाजारात मिळत होती.

मारुतीला डाव्या कानाने कमी ऐकू येई, म्हणून मी त्याच्या उजव्या हाताला चालायचो. अजून कुणाहीबरोबर असलो तरी त्याच बाजूला चालतो.