लिऑनची तालीम आणि शुऐबाची बस

"अरे, तिला एकटीला कशी बोलावतोस? स्टॉप आला तरी ही कुणाला 'सरका' म्हणायची नाही. बसून राहील तशीच, आणि थेट स्पेनला पोचेल!"

हे वाक्य माझ्याबद्दल होतं आणि ते माझ्यासाठी नव्हतं. मी चहाचा ट्रे घेऊन पॅसेजमध्ये उभी, ताई स्वयंपाकघरात कणीक मळतायत, आणि फोन डब्याला टेकवून स्पीकरवर. पलीकडे फ्रान्समधून निखिल. म्हणजे माझा नवरा. ताई त्याची मोठी बहीण.

आणि निखिल हसला.

ताईंचं मला फार लागलं नाही हो. त्या मनात येईल ते बोलतात आणि बोलून विसरतात. पण ते हसणं! लग्नाला जेमतेम दोन महिने झालेले. त्यातला एक तो तिकडे, मी इकडे. हसून वर म्हणतो काय, "बघू मग. इथे माझ्याबरोबर देसाई आहे ना, त्या देसाई वहिनी मार्चमध्ये येणारेत, त्यांच्याबरोबर येऊ दे."

मार्चमध्ये! आणि तेव्हा चालू होता नोव्हेंबर.

आत जाऊन "मी एकटी येईन" एवढं म्हटलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण मी काय केलं? चहा गार झाला म्हणून परत गरम केला. आणि ताईंचं म्हणणं खोटं पाडायचं ठरवलं. ते मी कसं पाडलं, ते ऐका आता. हसलात तरी चालेल, माझी हरकत राहिलेली नाही.

निखिल कुवेतमधल्या मीना अब्दुल्ला या गावच्या रिफायनरीत. कंपनीने त्याला ट्रेनिंगसाठी लिऑनला पाठवलं, आणि माझा व्हिसा होईपर्यंत मी कुवेतमध्येच, मंगाफला ताईंकडे. ताईंचे यजमान, म्हणजे भावोजी, शुऐबाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्लांटमध्ये सेफ्टीचं बघतात. रोज जेवायला बसले की पहिला घास घ्यायच्या आधी म्हणतात, "आज परत!" आज परत म्हणजे, कामगारांच्या बसमध्ये आज परत कुणीही बेल्ट लावला नव्हता. "पोस्टर लावली, भाषणं दिली, हात जोडले. एके दिवशी अचानक तपासायला माणूस बसवणार आहे मी त्या बसमध्ये!" ताई म्हणायच्या, "आमटी गार होतेय."

तर मी लिऑनचा अभ्यास सुरू केला. नकाशे पाहिले, व्हिडिओ पाहिले. विमानतळावरून ट्राम, ती पार्दियू स्टेशनला सोडते. तिथून मेट्रो. एकदा बदलायची. मग वेनिस्यू नावाच्या उपनगरात उतरून बस, आणि बसने चौथ्या थांब्यावर निखिलचं घर. ती दुसरी मेट्रो तर माझ्यासाठीच बनवलेली. तिला ड्रायव्हरच नाही! म्हणजे बोलायचं कुणाशी? ती आपली आपण प्रत्येक स्टेशनला थांबते, दार उघडते, निमूट वाट बघते. मला तिच्याबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली.

घोडं अडलं ते शेवटच्या बसवर. फ्रान्समध्ये म्हणे हात दाखवल्याशिवाय बस थांबत नाही. पुढच्या दाराने चढायचं. ड्रायव्हरला 'बोंजूर' म्हणायचं, नाहीतर उद्धटपणा. मशीनवर तिकीट लावायचं. आणि उतरायचं असेल तर लाल बटण दाबायचं, नाहीतर बस आपली पुढे. थोडक्यात, स्पेन!

आता ही गोष्ट वाचून येते का? पोहणं वाचून येतं का? तालीमच हवी. म्हणून मी ठरवलं, ताई शाळेत शिकवायला गेल्या की मंगाफच्या थांब्यावरून बस पकडायची आणि पुढच्याच फहाहीलला उतरून परत यायचं. मंगाफ म्हणजे वेनिस्यू, फहाहील म्हणजे निखिलचं घर. कुवेतमध्ये बस काय, सोपी गोष्ट! मी आजवर कधी बसले नव्हते, एवढंच.

सकाळी थांब्यावर बरीच माणसं उभी होती. एक मोठी पांढरी बस येताना दिसली. मी फ्रान्समधल्यासारखा हात केला. थांबली! मला इतका आनंद झाला की बसवर काय लिहिलंय ते वाचायचं राहिलं.

पुढच्या दाराने चढले. मागची माणसं आदराने मागेच थांबली. ड्रायव्हर पठाण होता. त्याच्याकडे बघून मी हळूच म्हटलं, "बोंजूर."

"जी मॅडम!" म्हणून त्याने पाठ ताठ केली.

मी सुट्टे पैसे पुढे केले. तो दचकला. "नहीं नहीं मॅडम, बैठो, बैठो!"

पैसे घेत नाही? मला वाटलं, असेल सकाळची काही सवलत. पहिल्या सीटवरचे दोघं टुणकन उठून मागे गेले. मी खिडकीशी बसले. बस भरली ती सगळी पुरुषांनी, सगळ्यांच्या अंगात निळे कव्हरॉल. पण कुवेतच्या बसमध्ये पुरुषच जास्त असतात हे मी ऐकून होते. एकाच रंगाचे कसे, हा प्रश्न मनात आला होता. मी त्याला म्हटलं, नंतर ये.

मग मी लाल बटण शोधायला लागले. वर पाहिलं, नाही. खांबावर पाहिलं, नाही. वळून सगळ्या सीटवरून नजर फिरवली. आणि माझी नजर जिथे जिथे गेली तिथे तिथे आवाज आला, टक्, टक्, टक्. बेल्ट लागत होते! मला कौतुक वाटलं. भावोजी उगीच कुरकुर करतात, किती शिस्तीची माणसं ही!

एवढ्यात मागून चक्क मराठी ऐकू आलं.

"तात्या, ही बाय कोन रं?"

"हळू बोल मेल्या! सेफ्टीची असल. सायेब म्हनत नव्हता, एक दिस अचानक मानूस बसवीन? बसवलान!"

"मराठी कळत असल काय तिला?"

"ह्यॅ! मल्याळी दिसते. बोल तू बिनधास्त."

तेव्हाच वळून "अहो, मी मराठी आहे" म्हणायला काय झालं होतं? पण माझं असं होतं, पहिला क्षण गेला की गेला. दुसऱ्या क्षणाला ते जरा जास्त धीट वाटतं, तिसऱ्याला आगाऊ, आणि चौथ्याला तर आपण इतका वेळ चोरून ऐकत होतो असा कबुलीजबाबच होतो. मी गप्प राहिले.

दाराजवळ काहीतरी लाल दिसलं. बटण! मी उठून हात लावला, तर ती काच फोडायची हातोडी.

"बगा, बगा! हातोडी जाग्यावर हाय का बगते. लय कडक हाय."

"बोलत काय न्हाय पन."

"गप बायकाच डेंजर रं, संत्या. मनात लिवून ठेवतात."

"नवरा सुखी असल हिचा!"

"कसला सुखी! आमची बडबड करते ती बरी. निदान काय चाललंय ते कळतं तरी. हिच्या घरवाल्याला बिचाऱ्याला काय कळनार, ही रागावलेय का हसतेय?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले. डावीकडे फहाहीलचे मॉल आले, आणि आले तसे गेले. बस पुलावर चढली. माझा स्टॉप खाली राहिला आणि मी वरून त्याच्याकडे बघत पुढे.

खरं सांगू? त्या क्षणी मला बसची भीती कमी वाटत होती. तात्यांचं वाक्य डोक्यात घुमत होतं. ताईंच्या लेखी मी बावळट, या बसच्या लेखी मी कडक साहेबीण. आणि दोन्ही ठिकाणी मी केलं काय होतं? काहीच नाही! गप्प बसले होते. आपण बोललो नाही की आपली जागा रिकामी राहत नाही हो. दुसरं कुणीतरी आपल्या वतीने बोलून टाकतं. निखिल हसला, त्यालाही बिचाऱ्याला काय माहीत, पलीकडे पॅसेजमध्ये काय उभं आहे ते?

असं खोल खोल विचार करत असताना समोर कारखान्यांच्या चिमण्या आल्या. एकीच्या टोकाला जाळ. म्हणता म्हणता बस शुऐबाला पोचली होती, आणि एका प्लांटच्या गेटबाहेर रांगेत उभी राहिली.

सिक्युरिटीवाला आत चढला. सगळ्यांनी गळ्यातली कार्डं दाखवली. तो माझ्यासमोर आला.

"मॅडम, गेटपास?"

मी वाक्य जुळवायला लागले. हिंदीत जुळवलं, मग वाटलं इंग्रजीत बरं दिसेल. तोवर ड्रायव्हरच बोलला, "सेफ्टी का मॅडम है, भाई!" आणि मागून अख्ख्या बसने दुजोरा दिला.

सिक्युरिटीवाल्याने सलाम ठोकला. मला! पण माणूस नियमाचा पक्का. म्हणाला, पास नसेल तर सेफ्टी ऑफिसातून साहेबांना बोलवावं लागेल. त्याने फोन लावला. "सर, आपका मॅडम आया है, बस में बैठा है."

पलीकडचं उत्तर पहिल्या सीटपर्यंत ऐकू आलं. "कौन मॅडम? हमारे पास कोई मॅडम नहीं है!"

तो आवाज ओळखीचा होता. तो आवाज रोज आमटी गार करायचा.

देवा, कुवेतमध्ये इतके प्लांट, इतक्या बसगाड्या, आणि मला हीच मिळावी?

थोड्याच वेळात पांढरं हेल्मेट घातलेले भावोजी तरातरा बसमध्ये चढले. आधी त्यांना दिसली बस. शेवटच्या सीटपर्यंत प्रत्येकाचा बेल्ट लागलेला, हात मांडीवर, तोंडं बंद. भावोजींच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, जसं बाळाने पहिलं पाऊल टाकावं. मग त्यांची नजर खाली आली.

"अगं... तू? तू इथे कशी?"

मराठीत! मागे कुणाचा तरी श्वास अडकल्याचं मला ऐकू आलं.

आणि सकाळभरात मी पहिलं मराठी वाक्य बोलले ते हे, "भावोजी, फहाहील गेलं का हो?"

अख्ख्या बसमध्ये हशा पिकला! तात्या उभे राहायला गेले, तर बेल्टने खाली ओढलं. "आवो ताई, मराठी येतं तुमाला? मग आमी मगाधरनं जे बोललो..."

"मनात लिहून ठेवलंय," मी म्हटलं.

संध्याकाळी भावोजींनी ही गोष्ट घरी सांगितली, आणि सांगताना पहिला घास घ्यायचं विसरले. ताई पदर तोंडाला लावून हसत होत्या. फोन पुन्हा डब्याला टेकवलेला, स्पीकरवर निखिल, तोही हसतोय.

"पण मी म्हणते," ताईंनी डोळे पुसले, "बसभर माणसं होती गं! एका शब्दाने विचारायचं होतंस. तू बोलली का नाहीस?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. फोनसुद्धा.

मी ट्रे खाली ठेवला.

"ताई, तुम्ही म्हणाला होतात तशी स्पेनला नाही पोचले. शुऐबापर्यंतच पोचले."

ताईंचा हात पदरासकट तसाच राहिला. फ्रान्समधून हळूच, "तू ऐकलंस?"

"ऐकलं. तुझं हसणंही ऐकलं. आवडलं नाही मला. आता मी काय सांगते ते ऐक. देसाई वहिनी येऊ देत त्यांच्या त्यांच्या मार्चमध्ये. व्हिसा आला की माझं लगेचचं तिकीट काढ, एकटीचं. विमानतळावर यायचं नाही, घरी चहा टाकून ठेवायचा. स्टॉप चुकला तर मी ओरडेन, नाहीतर उलटी बस धरून येईन. फक्त आधी एवढं सांग, तिथे कंपनीची बस कुठली आणि लोकांची कुठली, हे बाहेरून कसं ओळखायचं?"