जरा डावीकडं सरका

वहिनीचा फोन आला तेव्हा मी एका बारशाचे फोटो निवडत बसलो होतो. ती रडली नाही. म्हणाली, "भाऊजी, तुमचे भाऊ गेले, सकाळी. आन् येताना त्याहीचा एक फोटो आणा हाराला. घरात हाये तो आधारवरचा, त्यात ते चोरावानी दिसून राहिले." मी आणतो म्हणालो. वारंगा फाट्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे. आसपासच्या गावांत कुणी गेलं की हाराचा फोटो बहुधा माझ्याकडूनच जातो. आणि माझ्या सख्ख्या चुलतभावाचा, माधवदादाचा, एकही फोटो माझ्याकडे नव्हता... म्हणजे, एक होता.

आमचं घर मेंढरांचं. माझ्या वडिलांनी आपल्या वाट्याची मेंढरं विकून मला शिकवलं, दादानं त्याच्या वाट्याची राखली. लहानपणी मी त्याच्या मागं मागं रानात जायचो. पुढं दादा, मागं कळप, सगळ्यात मागं मी. त्यामुळं त्याचं तोंड आठवायला मला जरा वेळ लागतो, पाठ लगेच आठवते. खांद्यावर घोंगडी आणि चालताना डावीकडं किंचित झुकलेली मान. मी कॅमेरा घेतला तेव्हा तो हसला होता. "नाम्या, तुला एक मेंढरू वळखत न्हाई, गिऱ्हाईक काय वळखंल?" पण पहिला फोटो कळपाचाच काढायचा, हे त्यानंच ठरवून टाकलं. त्यासाठीच मी फाल्गुनातल्या त्या दुपारी इसापूर धरणाच्या अंगाला त्याच्या रानात गेलो होतो.

दिवस कलता कलता आभाळ काळं पडलं आणि गारा सुरू झाल्या, लिंबाएवढ्या. मी पळत जाऊन शेजारच्या शेतातल्या मोटारीच्या पत्र्याच्या खोलीत शिरलो. दादालाही येता आलं असतं. तो कळपातच उभा राहिला, घोंगडीखाली दोन कोकरं धरून. मेंढरू गारांत पळत नाही. ते दुसऱ्याच्या पोटाखाली डोकं खुपसतं, त्याच्यावर तिसरं, आणि बघता बघता ढीग होतो. गारा थांबल्या की तो ढीग लगेच उपसावा लागतो, नाहीतर खालची गुदमरतात. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी मेंढरांच्याच घरातला.

गारा थांबल्या. मी खोलीबाहेर आलो आणि जागीच थांबलो. सगळं रान पांढरं झालं होतं, बांधापासून बांधापर्यंत. पश्चिमेला ढग फाटला होता आणि खालून ऊन आडवं येत होतं. त्या पांढऱ्यावर गुलाबी उजेड पसरला, जमिनीतून वाफ निघायला लागली आणि तिच्यावर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अख्खं इंद्रधनुष्य उभं राहिलं. ठेचलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचा वास येत होता. पाखरू बोलत नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला, डोळ्यांत पाणी आलं. त्यात काही खोटं नव्हतं. तेवढं सुंदर मी त्याआधी काही पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

"नाम्या, ये रे. दबून राहिली, ये लवकर."

गारांनी त्याचा उजवा खांदा निकामी केला होता. तो एका हातानं मेंढरं ओढत होता. मी आजवर सगळ्यांना सांगत आलो की पत्र्यावरच्या गारांनी माझे कान बधिर झाले होते, मला काही ऐकूच आलं नाही. माझे कान धड होते. त्यानं पुन्हा हाक मारली, तीही ऐकू आली. मी येतो म्हणालो, मनातल्या मनात. तो उजेड टिकणार नव्हता, आणि मेंढरं... मेंढरं तर दादा काढतच होता. उजेड विझेपर्यंत मी फोटो काढले. मग कॅमेरा नीट पिशवीत ठेवला आणि गेलो. खालची मेंढरं मेलेली होती. हात लावला तर अजून गरम होती. दादानं माझ्याकडं बघितलं. "झाले का काढून?" एवढंच म्हणाला.

उरलेली मेंढरं त्यानं विकली आणि फाट्यावरच्या एका ढाब्यावर राखणीला लागला. मी त्या फोटोचा मोठा पडदा करून घेतला आणि स्टुडिओत लावला. नवी जोडपी त्याच्यापुढं उभी राहतात. काश्मीरला गेल्यासारखं वाटतं म्हणतात. एक दिवस दादा राधाला, त्याच्या मुलीला, घेऊन आला. स्थळासाठी फोटो पाहिजे होता. ती पडद्यापुढं उजव्या बाजूला उभी राहिली. दादा पडद्याकडं बघत राहिला.

"हे आपलंच रान ना?"

"व्हय," मी म्हणालो.

"राधे, जरा डावीकडं सरक. तिथं नको उभी राहू."

"काहून, बाबा? तिथं काय हाये?"

तो माझ्याकडं बघून म्हणाला, "तुज्या काकाला इचार."

उजव्या कडेला गारांखाली उंचवटे दिसतात. लोकांना ते दगड वाटतात. राधालाही मी दगडच सांगितलं. तो फोटो पसंत पडला, तिचं लग्न जमलं.

दादा अंथरुणाला खिळला तेव्हा एकदाच भेटायला गेलो. त्या हाकेचं सांगून टाकायचं, असं ठरवून गेलो होतो. मला दारात बघून तो म्हणाला, "काय, हाराचा काढाया आला का?" वहिनी हसली, मीही हसलो. केळी उशाशी ठेवली आणि निघालो.

वहिनीचा फोन आला त्या दिवशी मी मूळ फोटो उघडला. पडद्यासाठी उजवीकडची एक पट्टी मी कापून टाकली होती. त्या पट्टीत दादा आहे. ढिगात गुडघ्यावर बसलेला, उजवा हात लोंबणारा, आणि डावा हात वर केलेला... माझ्याकडं. तो हाराला कसा देणार? आधारवरचाच साफसूफ करून दिला. वहिनी म्हणाली, "ह्याच्यात तर लई चांगले दिसून राहिले." हे मी पेपरात छापायला देतोय. वहिनी पेपर वाचत नाही. राधा वाचते. राधे, ते दगड नव्हते.

पडदा मी अजून काढलेला नाही. सगळ्यात जास्त गिऱ्हाईक त्यालाच आहे. परवा एक जोडपं आलं आणि नेमकं उजवीकडं उभं राहिलं. मी नेहमीसारखं म्हणालो, "जरा डावीकडं सरका." नवरदेवानं विचारलं, काहून?

"तिकडं उजेड चांगला हाये," मी म्हणालो.